हिवाळा, पाणी आणि नौकेचे इंजिन

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील मिनेसोटा हे राज्य सरोवरांसाठी प्रसिद्ध आहे. दहा एकरांहून मोठी अशी ११,००० पेक्षा अधिक सरोवरे या एका राज्यात आहेत. उन्हाळ्यात त्यांच्या पाण्यावर लहानमोठ्या नौकांची वर्दळ असते. कोणी मासे धरण्यासाठी जातो, तर कोणी कुटुंबासह नुसता फेरफटका मारण्यासाठी. परंतु सप्टेंबर सरता सरता वाऱ्याची दिशा पालटते, झाडांची पाने पिवळी-तांबडी होतात आणि एखाद्या पहाटे गवतावर हिमकणांचा पांढरा थर दिसू लागतो. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत सरोवरांवर बर्फ धरू लागतो. जानेवारीत रात्रीचे तापमान अनेकदा शून्याखाली २० अंश सेल्सियसच्याही खाली जाते. एप्रिलपर्यंत नौकेला पाण्यात जागाच उरत नाही. म्हणून ऑक्टोबर महिन्यात प्रत्येक नौकामालकापुढे एक प्रश्न उभा राहतो. नौकेच्या इंजिनाचा हिवाळी बंदोबस्त त्याने स्वतः करावा, की पैसे देऊन एखाद्या मेकॅनिककडून करून घ्यावा?

मराठी वाचकाला हंगाम संपल्यावर नौका शाकारून ठेवण्याची कल्पना अपरिचित नाही. कोकणच्या किनाऱ्यावर पावसाळा तोंडावर आला की मच्छीमार आपल्या होड्या वाळूवर ओढून घेतात, त्या झावळ्यांनी किंवा ताडपत्रीने शाकारतात आणि नारळी पौर्णिमेला सागराची पूजा करून पुन्हा दर्यावर जातात. तेथे शत्रू असतो तो उधाणलेला समुद्र आणि मुसळधार पाऊस. तो डोळ्यांना दिसतो आणि त्याचा आवाजही कानी पडतो. मिनेसोटातील शत्रू मात्र निःशब्द असतो. इंजिनाच्या पोटात राहून गेलेले वाटीभर पाणी हाच तो शत्रू होय.

पाण्याचा एक विलक्षण गुणधर्म

बहुतेक पदार्थ थंड होताना आकसतात. पाणीही ४ अंश सेल्सियसपर्यंत आकसते, परंतु त्याहून थंड होऊ लागले की ते उलट प्रसरण पावू लागते. गोठून त्याचा बर्फ होतो तेव्हा त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. पाण्याच्या याच गुणधर्मामुळे बर्फ पाण्यावर तरंगतो, सरोवरे वरून खाली गोठत जातात आणि तळाशी मासे जिवंत राहू शकतात. निसर्गाच्या दृष्टीने जे वरदान ठरते, तेच यंत्राच्या दृष्टीने संकट ठरते.

गोठणाऱ्या पाण्याला पसरावयास जागा मिळाली तर काहीच बिघडत नाही. परंतु चारी बाजूंनी कोंडलेले पाणी गोठू लागले की ते भोवतालच्या भिंतींवर दाब टाकते. तापमान उणे २० अंशांच्या आसपास गेल्यास पूर्णतः कोंडलेल्या पाण्याचा हा दाब वातावरणीय दाबाच्या सुमारे दोन हजार पटींपर्यंत पोहोचू शकतो. इंजिनाचा मुख्य ठोकळा बहुधा ओतीव लोखंडाचा असतो. ओतीव लोखंड भार सहन करण्यात बळकट खरे, पण ताण पडला असता ते वाकत नाही, ते तडकते. अशा ठोकळ्याला गेलेला तडा जोडणे अतिशय कठीण आणि बहुधा आतबट्ट्याचे असते. पुष्कळदा सबंध इंजिनच बदलावे लागते.

येथे एका प्रचलित गैरसमजाचा उल्लेख केला पाहिजे. इंजिनाच्या ठोकळ्याच्या बाजूस धातूच्या काही गोल चकत्या बसविलेल्या असतात. पाणी गोठले तर या चकत्या बाहेर ढकलल्या जातात आणि ठोकळा वाचतो, असे पुष्कळ लोक समजतात. वस्तुतः ठोकळा ओतताना आतील पोकळ्यांसाठी जी वाळू वापरतात ती काढून टाकण्यासाठी ही भोके ठेवावी लागतात आणि या चकत्यांनी ती नंतर बंद करतात. क्वचित प्रसंगी चकती निसटून ठोकळा वाचतोही. परंतु तो केवळ योगायोग असतो. त्यावर विसंबून कोणीही हिवाळा काढू नये.

इंजिनांचे प्रकार

मोटारगाडीचे इंजिनही पाण्यावर थंड होते. मग गाड्यांना दर हिवाळ्यात अशी तजवीज का करावी लागत नाही? याचे कारण असे की मोटारीतील पाणी बंदिस्त असते आणि त्यात गोठणरोधक द्रव मिसळलेला असतो. तेच मिश्रण इंजिन आणि रेडिएटर यांच्यामधून सतत फिरत राहते. नौकेला मात्र भोवताली अमर्याद थंड पाणी मिळते. त्यामुळे अनेक नौकांत बाहेरचे पाणी पंपाने ओढून थेट इंजिनामधून खेळवितात आणि धुरासोबत परत बाहेर टाकतात. उन्हाळ्यात ही सोय उत्तम ठरते. हिवाळ्यात मात्र हेच पाणी मागे राहून घात करते.

इंजिन स्वतः हाताळावे की नाही, हे ठरविण्यापूर्वी ते कोणत्या जातीचे आहे हे जाणून घेतले पाहिजे. त्याचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात.

पहिला प्रकार आउटबोर्ड इंजिनांचा. ही इंजिने नौकेच्या मागच्या फळीला बाहेरून अडकविलेली असतात. शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यातील ओल एव्हिनरूड या नॉर्वेत जन्मलेल्या कारागिराने १९०९ साली असे एक इंजिन तयार केले. त्यापूर्वीही तसे प्रयत्न झाले होते, परंतु एव्हिनरूडच्या इंजिनाने हा प्रकार लोकप्रिय केला. अशा इंजिनाची रचना उभी असते. पाण्याबाहेर काढून ते सरळ उभे ठेवले की आतील थंडाईचे पाणी स्वतःच्या वजनाने खाली वाहून जाते.

दुसरा प्रकार नौकेच्या आत बसविलेल्या इंजिनांचा. त्यांपैकी काहींचा दांडा सरळ तळातून बाहेर जातो आणि त्यावर पंखा बसविलेला असतो. काहींत इंजिन आत आणि पंख्याचा गिअरसहित भाग मागच्या फळीबाहेर, अशी जोडरचना असते. स्वीडनमधील व्हॉल्व्हो पेंटा या कंपनीने १९५९ साली ही जोडरचना बाजारात आणली आणि ती जगभर पसरली. या प्रकारच्या इंजिनांमधून बाहेरचे पाणी थेट खेळत असेल तर ते आपोआप वाहून जात नाही. ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंना, धूर गोळा करणाऱ्या नळ्यांत, पंपात, रबरी नळ्यांच्या वळणांत आणि वंगण थंड करणाऱ्या छोट्या पेटीत ते साचून राहते. आठ सिलिंडरांच्या एखाद्या इंजिनात अशी सात-आठ ठिकाणे सहज भरतात. त्यांपैकी प्रत्येक ठिकाण वेगळे रिकामे करावे लागते.

तिसरा प्रकार बंदिस्त अभिसरणाच्या इंजिनांचा. मोठ्या नौकांतील बरीचशी डिझेल इंजिने या प्रकारची असतात. त्यांच्या ठोकळ्यात मोटारीप्रमाणेच गोठणरोधक मिश्रण फिरते आणि बाहेरचे पाणी केवळ ते मिश्रण थंड करण्यापुरते एका उष्णता-विनिमयकातून जाते. त्यामुळे ठोकळा सुरक्षित असतो. परंतु पंप, विनिमयक आणि धूर थंड करणारी टाकी यांतून बाहेरचे पाणी जातच असल्यामुळे तेवढ्या भागाची काळजी घ्यावीच लागते. आतील मिश्रणाची ताकद कायम आहे की नाही, हेही साध्या मापकाने तपासावे लागते.

कामाचे स्वरूप

हिवाळी बंदोबस्त म्हणजे केवळ पाणी काढणे नव्हे. पाच-सहा महिने निश्चल राहणाऱ्या यंत्राला पाण्याखेरीज गंज, शिळे इंधन आणि मळके वंगण यांपासूनही जपावे लागते. हे काम ठराविक क्रमानेच करावे लागते.

प्रथम इंधनाकडे पाहतात. अमेरिकेत मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये बहुधा १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल पाणी शोषून घेते. हे पाणी एका मर्यादेपलीकडे गेले आणि थंडी वाढली की इथेनॉल आणि पाणी यांचा थर पेट्रोलपासून वेगळा होऊन टाकीच्या तळाशी बसतो. वसंत ऋतूत इंजिन नेमका तोच थर ओढून घेते. म्हणून इंधन टिकवून धरणारे रसायन टाकीत घालतात. त्यानंतर इंजिन दहा-पंधरा मिनिटे चालवितात म्हणजे ते रसायन शेवटच्या नळीपर्यंत पोहोचते. किनाऱ्यावर इंजिन चालविताना बागेतील नळीने त्याला पाणी पुरवावे लागते. पाण्यावाचून चालविल्यास पंपातील रबरी चक्र पाहता पाहता जळून जाते.

इंजिन गरम असतानाच जुने वंगण काढून नवे भरतात. वापरलेल्या वंगणात आम्ले आणि ओलावा साचलेला असतो. तो हिवाळाभर धातूला खात राहतो. पंख्याच्या गिअरपेटीतील तेल पाहणे तितकेच महत्त्वाचे आहे. ते दुधासारखे पांढरट निघाले तर आत पाणी शिरले आहे असे समजावे. ती पेटी तशीच ठेवली तर गोठून फुटण्याचा धोका असतो. सिलिंडरांच्या आतील भिंतींवर वंगणाचा पातळ थर बसावा म्हणून एक विशिष्ट तेल फवारतात. ते कोठून आणि कसे फवारावे हे इंजिनाच्या रचनेवर अवलंबून असते. त्यासाठी निर्मात्याची पुस्तिकाच प्रमाण मानावी.

मग पाण्याची पाळी येते. एकेक बूच काढून आणि नळ्या सोडवून पाणी वाहू देतात. त्यानंतर अनेक जण गोठणरोधक द्रव भरतात. हा द्रव प्रॉपिलीन ग्लायकॉलचा असावा. मोटारीत सर्रास वापरले जाणारे एथिलीन ग्लायकॉल विषारी असते आणि चवीला गोड असल्याने कुत्री-मांजरे ते चाटतात. वसंतात हाच द्रव सरोवराच्या पाण्यात जाणार असतो, हेही विसरता कामा नये.

शेवटी बॅटरी पूर्ण भारित करून सोडवून ठेवतात. पूर्ण भारित बॅटरीतील आम्ल उणे ५० अंशांनाही गोठत नाही, परंतु पूर्णपणे उतरलेली बॅटरी शून्याखाली दहा अंशांच्या आतच गोठून फुटू शकते. नौका जमिनीवर ठेवावयाची असेल तर तिच्या तळाचे बूच काढून ठेवतात. तसे न केल्यास पावसाचे आणि वितळलेल्या हिमाचे पाणी नौकेतच साचते.

एकंदरीत पाहता यांतील एकही कृती एखाद्या हौशी माणसाला न जमण्याइतकी अवघड नाही. थोडी हत्यारे, अर्धा दिवस आणि निर्मात्याची पुस्तिका एवढ्यावर हे काम होऊ शकते. मग मेकॅनिककडे जाण्याचे कारण काय?

न दिसणारी चूक

या कामात झालेली चूक त्याच दिवशी कळत नाही. स्वयंपाकात मीठ कमी पडले तर पहिल्याच घासाला समजते. येथे मात्र ऑक्टोबरात राहिलेली उणीव एप्रिल किंवा मे महिन्यात उघडकीस येते. मधल्या काळात नौका ताडपत्रीखाली शांत उभी असते आणि मालक निश्चिंत असतो. म्हणूनच काम जमेल का, हा प्रश्न पुरेसा नाही. काम खरोखर झाले आहे, याची खात्री कशी करून घेणार, असेही विचारले पाहिजे.

तीन उदाहरणांवरून हे स्पष्ट होईल.

समजा, एका मालकाने बुचे काढण्याचा खटाटोप टाळण्यासाठी पंपावाटे गुलाबी रंगाचा गोठणरोधक द्रव इंजिनात ओढून घेतला. धुराच्या वाटेने गुलाबी द्रव बाहेर पडू लागताच त्याने समाधानाने इंजिन बंद केले. परंतु इंजिनात थर्मोस्टॅट नावाची एक झडप असते. इंजिन पुरेसे तापल्याशिवाय ती उघडत नाही. अनेक इंजिनांत ती बंद असताना आत येणारा द्रव ठोकळ्याला वळसा घालून थेट धुराच्या मार्गाने निघून जातो. बाहेर गुलाबी द्रव दिसतो, पण ठोकळ्यात मात्र सरोवराचे पाणी जसेच्या तसे राहते. डोळ्यांना दिसलेला पुरावाच येथे फसवा ठरतो.

दुसऱ्या मालकाने सर्व बुचे काढली. एका बुचाच्या भोकातून थोडे पाणी आले आणि थांबले. ते भाग रिकामा झाला असे त्याला वाटले. प्रत्यक्षात गंजाचा खपला किंवा वाळू भोकाशी येऊन बसली होती आणि तिच्यामागे अर्धी बादली पाणी अडून राहिले होते. अनुभवी मेकॅनिक अशा वेळी प्रत्येक भोकात तार घालून टोचून पाहतो. तार आत गेल्याबरोबर कधीकधी पाण्याची धार लागते. ही तारेची युक्ती अगदी साधी आहे, पण तीवरच सारे इंजिन अवलंबून असते.

तिसऱ्याने द्रवाच्या डब्यावरील ‘उणे ५० अंश’ हे शब्द वाचून निर्धास्तपणे तो भरला. प्रथम, हे अंश फॅरेनहाइटचे असतात. सेल्सियसमध्ये ते सुमारे उणे ४६ होतात. दुसरे असे की, तो आकडा बहुधा नळ्या फुटण्यापासून मिळणाऱ्या संरक्षणाचा असतो. द्रव त्याच्या कितीतरी आधी घट्ट होऊ लागतो. त्यातच इंजिनात राहिलेल्या पाण्यात मिसळून तो पातळ झाला तर त्याची ताकद आणखी घटते. म्हणून आधी पाणी पूर्णपणे काढावे, मगच द्रव भरावा आणि शेवटी बाहेर पडणाऱ्या द्रवाचा नमुना मापकाने तपासावा, हाच सुरक्षित क्रम होय.

या तिन्ही मालकांनी आळस केला असे म्हणता येणार नाही. त्यांनी काम केले होते. पण त्याची पडताळणी केली नव्हती.

मेकॅनिकची बाजू

काम मेकॅनिककडे सोपविले म्हणजे हा धोका संपला असे मात्र नाही. ऑक्टोबरात पहिल्या कडक थंडीचा अंदाज वर्तविला गेला की नौकांच्या आवारात एकच गर्दी उसळते. दिवसाकाठी अनेक नौका हातावेगळ्या कराव्या लागतात आणि हंगामापुरत्या घेतलेल्या नवख्या मदतनिसांच्या हाती पुष्कळ काम जाते. अशा घाईत एखादे बूच राहून जाणे अशक्य नसते. शिवाय नौका रांगेत उभी असतानाच कडाक्याची रात्र येऊ शकते. म्हणून काम सोपविणाऱ्यानेही वेळ आधी ठरवून घेतली पाहिजे आणि थंडी अगोदर आली तर जबाबदारी कोणाची, हे स्पष्ट विचारून ठेवले पाहिजे.

तरीही मेकॅनिकच्या बाजूने तीन गोष्टी बोलतात. पहिली म्हणजे अनुभव. एकाच जातीची शेकडो इंजिने हाताळलेल्या माणसाला पाणी कोठे दडते हे पाठ असते. दुसरी म्हणजे दृष्टी. पंख्याच्या दांड्याचे झिजलेले रबर, चिरलेला पट्टा किंवा पांढरट तेल त्याच्या नजरेतून सहसा सुटत नाही. तिसरी गोष्ट म्हणजे कागद. कोणकोणती कामे केली हे नमूद करणारी पावती मिळाली तर पुढे वाद उद्भवल्यास तिचा आधार घेता येतो. काही विमापत्रांत गोठल्यामुळे झालेले नुकसान वगळलेले असते, तर काहींत ते व्यावसायिकाकडून बंदोबस्त करून घेण्याच्या अटीवरच भरून मिळते. हमीच्या मुदतीतील नव्या इंजिनाच्या बाबतीतही देखभालीची नोंद मागितली जाऊ शकते. विमापत्र आणि हमीपत्र वाचण्याची योग्य वेळ ऑक्टोबर महिना हीच होय. मे महिन्यात ती वाचून काहीही उपयोग होत नाही.

मेकॅनिकला नुसते ‘हिवाळ्याची तयारी करा’ असे सांगणे पुरेसे नाही. या शब्दांत इंधन, वंगण, गिअरपेटी, पंप आणि बॅटरी यांपैकी काय काय येते, हे प्रत्येक ठिकाणी वेगळे असते. ठोकळ्यातील पाणी बुचे काढून सोडणार, की केवळ द्रव ओढून घेणार, हा प्रश्न तर आवर्जून विचारावा. चांगला मेकॅनिक अशा प्रश्नाने रागावत नाही. ग्राहकाला कामाची समज आहे हे पाहून उलट त्याला बरेच वाटते.

निर्णय कसा करावा

पैशाचा हिशेब प्रथम मनात येणे साहजिक आहे. आउटबोर्ड किंवा लहान इंजिनाच्या बाबतीत मालकाला सामानापुरताच खर्च येतो आणि मजुरी वाचते. आतील मोठ्या इंजिनाची मजुरी काही शे डॉलरांच्या घरात जाते. उलटपक्षी, तडकलेले इंजिन बदलावयाचे तर हजारो डॉलर मोजावे लागतात आणि उन्हाळ्याचा अर्धा हंगामही हातचा जातो. म्हणून वाचणाऱ्या मजुरीची तुलना केवळ सामानाच्या खर्चाशी करणे चुकीचे ठरते. चूक होण्याचा संभव आणि त्या चुकीची किंमत, हे दोन्ही तराजूत घातले पाहिजेत.

ही तुलना इंजिनाच्या जातीनुसार पालटते. आउटबोर्ड इंजिन सरळ उभे ठेवल्यास पाणी आपोआप निघून जात असल्यामुळे सर्वांत महागडी चूक होण्याचा संभवच कमी असतो. राहिलेली कामे वंगण, इंधन आणि बॅटरी यांची असून ती सहज पडताळता येतात. अशा इंजिनाच्या मालकाने पुस्तिका वाचून हे काम स्वतः करण्यास हरकत नाही. इंजिन हिवाळाभर तिरपे वर उचलून ठेवू नये, एवढे मात्र पाळावे. तसे केल्यास पंख्याच्या बाजूने पाऊस आणि हिम आत साचून गोठते.

आतील इंजिनातून बाहेरचे पाणी थेट खेळत असेल तर स्थिती उलट असते. पाणी साचण्याची ठिकाणे अनेक असतात, काही हाताला न लागणारी असतात आणि एक जरी सुटले तरी सारे इंजिन जाऊ शकते. येथे मालकाने स्वतःला एकच प्रश्न प्रामाणिकपणे विचारावा. या इंजिनातील पाण्याचे प्रत्येक ठिकाण त्याला नेमके दाखविता येईल काय? उत्तर होकारार्थी असेल आणि प्रत्येक भोकात तार घालण्याइतका हात तेथे पोहोचत असेल, तर काम त्याचेच आहे. उत्तर ‘बहुतेक येईल’ असे असेल, तर ते नकारार्थीच समजावे आणि मेकॅनिकला बोलवावे.

बंदिस्त अभिसरणाच्या डिझेल इंजिनाचे स्थान या दोहोंच्या मध्ये आहे. ठोकळ्याची चिंता कमी असली तरी बाहेरच्या पाण्याचा मार्ग लांब असतो आणि इंधनटाकीच्या तळाशी साचलेल्या पाण्यात सूक्ष्म जीव वाढून गाळण्या तुंबण्याचा स्वतंत्र प्रश्न असतो. ज्याला ही रचना समजली आहे त्याने ते काम करावे. इतरांनी निदान पहिल्या वर्षी तरी ते सोपवावे.

नौका तापविलेल्या गोदामात ठेवणार असलो तर या साऱ्याची गरज काय, असेही काही जण विचारतात. परंतु ती ऊब विजेवर किंवा गॅसवर अवलंबून असते. हिमवादळात एका रात्रीपुरता पुरवठा तुटला तरी इंजिनातील पाण्याला गोठण्यास तेवढा अवधी पुरू शकतो. रिकाम्या इंजिनाला मात्र कशाचेच भय नसते.

मधला मार्ग

स्वतः करणे आणि सोपविणे या दोहोंत एक मधला मार्गही आहे आणि पुष्कळांना तोच हितावह ठरेल. पहिल्या वर्षी काम मेकॅनिककडून करून घ्यावे, पण ते शेजारी उभे राहून पाहण्याची परवानगी आधीच मागावी. तो कोणते बूच कोठून काढतो, तार कोठे घालतो, कोणती नळी सोडवितो, हे क्रमाने लिहून घ्यावे आणि शक्य तर छायाचित्रेही काढावीत. दुसऱ्या वर्षी त्या टिपणाप्रमाणे मालकाने स्वतः काम करावे आणि मेकॅनिककडून केवळ तपासून घ्यावे. तिसऱ्या वर्षी बहुधा तपासणीचीही गरज उरत नाही. अशा रीतीने दिलेली मजुरी ही एका परीने शिकवणीची फीच होय.

स्वतः काम करणाऱ्याने काही पथ्ये मात्र कसोशीने पाळली पाहिजेत. काढलेली सर्व बुचे मोजून एका पिशवीत घालावीत आणि ती पिशवी इंजिनाच्या किल्लीलाच बांधून ठेवावी, म्हणजे वसंतात बुचे न लावता इंजिन चालू होण्याची भीती राहत नाही. पेट्रोलवर चालणारे आतील इंजिन सुरू करण्यापूर्वी इंजिनकक्षातील पंखा काही मिनिटे चालवून पेट्रोलची वाफ बाहेर घालवावी. बंद गॅरेजमध्ये इंजिन कधीही चालवू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो आणि तो माणसाचा प्राण घेतो. काढलेले वंगण गटारात किंवा जमिनीवर न ओतता संकलन केंद्रात द्यावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हे काम अंधार पडत असताना, थंडीचा अंदाज ऐकून घाईघाईने करावयास घेऊ नये. ज्याला ऑक्टोबरच्या आरंभी मोकळा दिवस काढता येत नाही, त्याने आपल्याला काम येते की नाही हा विचारच करू नये. त्याच्यासाठी उत्तर ठरलेले आहे.

एप्रिलच्या मध्यास बर्फ फुटतो, सरोवरे पुन्हा निळी दिसू लागतात आणि ताडपत्र्या निघतात. पिशवीतील बुचे एकेक करून जागच्या जागी बसविली जातात, बॅटरी जोडली जाते आणि किल्ली फिरविली जाते. इंजिन काही वेळ चालल्यानंतर जाणता मालक तेलाची दांडी बाहेर काढून प्रकाशात धरतो. तेल स्वच्छ असेल तर हिवाळा सुखरूप पार पडला असे म्हणावयास हरकत नसते. ते दुधाळ निघाले तर ऑक्टोबरातील एखादे बूच, एखादे भोक किंवा एखादा न विचारलेला प्रश्न आता आठवून काही उपयोग नसतो. त्या दांडीवरील तेल हे काम मालकाने केले की मेकॅनिकने, यात भेद करीत नाही. पाणी उरले होते की नव्हते, एवढेच ते सांगते.